नव्या गुडघ्याची वेदना आणि तिचे निदान

गुडघ्याचा सांधा बदलून घेतल्यावर काही काळ वेदना होणार, हे रोग्याला, त्याच्या घरच्यांना आणि शल्यविशारदाला आधीपासूनच ठाऊक असते. आणि नेमकी ही पूर्वकल्पनाच पुढे निदानाच्या आड येते. आठवडी बाजाराच्या कोलाहलात एखाद्याने मारलेली निकडीची हाक विरून जावी, त्याप्रमाणे अपेक्षित वेदनेत अनपेक्षित वेदना बेमालूम मिसळून जाते. "ऑपरेशन झालं आहे, दुखणारच," हे वाक्य बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत खरे ठरते आणि म्हणूनच उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत ते घातक ठरू शकते. कारण रक्तवाहिनीची इजा, रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, हाडाचा भंग ही सर्व अरिष्टे प्रथम याच एका सामान्य तक्रारीच्या वेषात पुढे येतात. या वेदनेच्या निदानाविषयी वैद्यकशास्त्रात आज कोठे एकवाक्यता आहे व कोठे मतभेद आहेत, याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. आणि तो घेताना बडनेऱ्यासारख्या गावाची परिस्थिती सतत नजरेसमोर ठेवणे अवश्य आहे, कारण शस्त्रक्रिया मोठ्या शहरी होत असली तरी वेदनेची पहिली जबानी बहुधा गावीच घेतली जाते.

कृत्रिम गुडघ्याचा इतिहास तसा फार लांबचा नाही. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती बिजागरीचा सांधा बसवून पाहिला, पण जंतुसंसर्गापुढे त्यांचा प्रयत्न टिकला नाही. आज सर्वत्र जो नमुना वापरतात, त्याचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्या सहकाऱ्यांपैकी एक असलेले चित्तरंजन राणावत यांनीच पुढे ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय शरीरयष्टीस जुळेल असा 'इंडस' नावाचा गुडघा सिद्ध केला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कमाल किमतींचा जो हुकूम काढला, त्यानुसार कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर बांधली गेली. जी शस्त्रक्रिया एके काळी केवळ श्रीमंतांच्या आटोक्यातील होती, ती अशा रीतीने वऱ्हाडातील शेतकरी घरांपर्यंत पोहोचली. जन्मभर वाकून कापूस वेचलेल्या आणि उकिडवे बसून सोयाबीन सोंगलेल्या बाया आता अमरावतीस, अकोल्यास किंवा नागपुरास जाऊन गुडघे बदलून घेतात आणि थोड्याच दिवसांत घरी परततात. बडनेऱ्याहून अमरावती आठ-दहा किलोमीटरवर, पण नागपूर म्हणजे कित्येक तासांचा प्रवास. आणि टाके अजून ओले असताना तो पुन्हा करणे कोणालाही नकोसे वाटते. साहजिकच रोगी आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे, नाही तर थेट मेडिकलच्या दुकानात जातो. निदानाचे पुष्कळसे बिघडते ते या टप्प्यावर.

विपरीत वेदना ओळखावयाची तर प्रथम स्वाभाविक वेदनेचा क्रम पक्का ठाऊक असला पाहिजे. सिडनीच्या केर आणि कोहान यांनी २००८ मध्ये सांध्याभोवतीच्या ऊतींतच बधिरीकरणाचे औषध भरण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून मांडीतील चेतातंतू बधिर करण्याच्या उपायासमवेत ती बहुतेक ठिकाणी रूढ झाली. तिचा गुण असा, की पहिले काही तास रोगी आश्चर्यकारक स्वस्थतेत असतो. आणि दोष असा, की साधारणतः बारा ते चोवीस तासांत औषधाचा अंमल उतरला, म्हणजे वेदना एकाएकी उसळी मारते आणि आत काहीतरी मोडले अशी घरच्यांची खात्री होते. ही उसळी बहुधा निरुपद्रवी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वेदना शिखरास पोहोचते व मग हळूहळू उतरते. काळेनिळे डाग घोट्यापर्यंत उतरतात. गुडघा कित्येक महिने हातास कोमट लागतो. व्रणाच्या बाहेरील अंगास तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण तेथील त्वचेचा बारीक चेतातंतू छेद घेतानाच कापला जातो. यांपैकी कशानेही घाबरून जाण्याचे कारण नाही. शून्य ते दहा या मापावर आज वेदना किती, हा प्रश्न रुग्णालयात रिवाजाने विचारला जातो खरा, परंतु निदानाच्या दृष्टीने त्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलकी आहे, असे माझे मत आहे. कालच्यापेक्षा आज औषध अधिक लागते, काल नव्वद अंशांपर्यंत वाकणारा गुडघा आज साठावर अडतो, परवा स्वतः उठून न्हाणीघरात गेलेली बाई आज पाय टेकू देत नाही, अशी उलटी चाल दिसताच चौकशी आरंभिली पाहिजे, मग आकडा चार असो की आठ.

ही चौकशी कालक्रमाने करावी, याबद्दल सर्व शास्त्रकारांचे एकमत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी जी वेदना होती तीच, तशीच, त्याच जागी आजही आहे काय? असल्यास ती मुळात गुडघ्याची नसून कंबरेची वा खुब्याची असण्याचा संभव मोठा. वेदना नवी आहे, पण शस्त्रक्रियेच्या दिवसापासून एकही दिवस खंडली नाही? मग लवकर झालेला जंतुसंसर्ग, भागांचे माप वा ठेवण चुकणे, अस्थिबंधांचा तोल न साधणे यांकडे लक्ष वळते. मध्ये बरे वाटण्याचा काळ गेला आणि त्यानंतर वेदना उलटून आली? तर उशिराचा संसर्ग, सांधा सैल होणे किंवा भंग. या तीन प्रश्नांना खर्च काहीच लागत नाही, फक्त ऐकून घेण्याची सवड लागते. आणि ते रोग्याच्या बोलीत विचारले, तर उत्तरे किती नेमकी मिळतात, ते पाहण्यासारखे आहे. "आजी, आपरेशनच्या आंधी दुखे तसंच दुखते, का येगळं?" असे विचारल्यावर एखादी म्हातारी सांगते, "नाई जी, हे येगळं. पाय टेकला का टोंगळ्यात कळ निंगते, मंग चार पावलं चाललं का सैल पडते." दुसरी सांगते, "बसल्या जागी ठणकते, रातभर डोया लागत नाई." पहिलीच्या कथनात सैल झालेल्या सांध्याची आरंभवेदना आहे आणि दुसरीच्या कथनात, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर, पुवाची शंका आहे. कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी हाती आलेला हा पुरावा आठ-दहा शब्दांत टिपून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.

पहिल्या तीन दिवसांतली काही संकटे मात्र चौकशीस मुदत देत नाहीत. गुडघ्याच्या पाठीमागून जाणाऱ्या मुख्य रोहिणीस इजा होणे ही फारच दुर्मिळ गोष्ट, हजारांत एक-दोन किंवा त्याहूनही कमी. पण ती वेळेवर ओळखली नाही तर पाय गमवावा लागतो. येथे वेदना गुडघ्यापेक्षा पोटरीत आणि पावलात अधिक असते. आपल्या हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर आळीपाळीने ठेवून ऊब ताडून पाहावी. अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर लाली परतण्यास लागणारा वेळ दोन्हीकडे सारखा आहे की नाही, हे पाहावे. आणि पावलाच्या पाठीवरची नाडी बोटांनी शोधावी, ती न लागल्यास घोट्याच्या आतल्या बाजूची. नाडी लागली म्हणून सर्वस्वी निश्चिंत होता येत नाही, कारण पोटरीच्या स्नायुकोशांत दाब चढू लागल्यावरही ती बराच काळ लागत राहते. त्या विकाराची खूण म्हणजे दिसणाऱ्या कारणाच्या मानाने अवाजवी वेदना, आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली असता पोटरीत उठणारी असह्य कळ. पाठीच्या कण्यातून दिलेले बधिरीकरण ही खूण झाकून टाकते. म्हणून त्या बधिरतेलाही भेदून जी वेदना वर येते, तिला केवळ औषधाची मात्रा वाढवून गप्प करणे हा माझ्या दृष्टीने या सबंध प्रकरणातील सर्वांत गंभीर प्रमाद होय. ज्यांचे गुडघे वर्षानुवर्षे आत वळलेले होते आणि शस्त्रक्रियेत एकदम सरळ केले गेले, त्यांच्या पोटरीच्या बाहेरील चेतातंतूवर ताण येऊन पाऊल लोंबू शकते. पावलाच्या पाठीवर मुंग्या येतात आणि अंगठा वर उचलत नाही. अशा वेळी पट्टी सैल करून गुडघा किंचित वाकवून ठेवणे हा उपाय कोणालाही करता येतो, आणि मग शल्यविशारदास तत्काळ वर्दी द्यावी.

शिरेतील रक्ताच्या गुठळीविषयी एक इशारा वऱ्हाडातील घरांसाठी मुद्दाम द्यावासा वाटतो. शस्त्रक्रियेच्या पायाची पोटरी सुजून दुखू लागली, की कोमट तेल लावून ती खालून वर चोळण्याचा परिपाठ आपल्याकडे आहे आणि तो प्रेमाने पाळला जातो. पोटरीत गुठळी असेल, तर या चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एकाएकी लागणारी धाप आणि छातीत दुखणे हा त्याचा परिणाम. पाऊल वर दाबून पोटरीत कळ येते का, हे पाहण्याची जुनी परीक्षा आता विश्वसनीय मानली जात नाही. डी-डायमर नावाची रक्ततपासणीही येथे कामाची नाही, कारण कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो आकडा चढलेलाच असतो. निर्णय द्यावयाचा तो शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीने, आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध आहे. तोवर पोटरीस कोणी हात लावू नये.

या विषयाचे मर्मस्थान मात्र जंतुसंसर्ग हे आहे. प्रथमच बदललेल्या गुडघ्यात त्याचे प्रमाण शंभरी एक-दोन इतकेच असले, तरी मधुमेही, मूत्रपिंडाचे विकार असणारे आणि संधिवातावर दीर्घकाळ औषधे घेणारे यांच्यात ते वाढते. ताप येईलच असे नाही. किंबहुना ताप नाही, म्हणून संसर्ग नाही, असे अनुमान करणे हीच मोठी चूक होते. आठवडा लोटला तरी जखमेतून पाझर थांबत नाही, उतरत चाललेली वेदना पुन्हा चढते, रात्री ठणका लागतो, कमावलेले वाकणे हातचे जाते, एवढी लक्षणे पुरेशी आहेत. येथेच गावातील व्यवहार आणि शास्त्राची अपेक्षा यांच्यात विरोध उभा राहतो. डॉक्टर सद्भावनेने पाच दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या लिहून देतात, त्यांनी सूज थोडी ओसरते, सर्वांस हायसे वाटते. आणि आतील जंतू मात्र धातूवर आपले चिकट आवरण विणीत राहतात. पुढे सांध्यातील पाणी तपासावयास काढले, तर गोळ्यांमुळे त्यात जंतू वाढतच नाहीत, आणि कोणत्या शत्रूवर कोणते औषध चालवायचे याचा एकमेव दाखला नष्ट झालेला असतो. मग गोळ्या बंद करून रोग्यास साधारण दोन आठवडे तिष्ठत ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पाणी काढण्यापूर्वी प्रतिजैविक नाही, हा नियम प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. अपवाद एकच: रक्तदाब खालावला आहे, रोगी बरळतो आहे, विष रक्तात भिनल्याची चिन्हे आहेत, तेथे रक्ताचा नमुना जंतुवर्धनासाठी घेऊन औषध तत्क्षणी सुरू केले पाहिजे.

रक्ततपासण्यांचा अर्थ लावण्यातही तारतम्य हवे. सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातील प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआपच शिखर गाठते आणि तीन ते सहा आठवड्यांत पूर्ववत होते. दाहाचेच दुसरे माप असलेला ईएसआर तर कित्येक महिने चढा राहू शकतो. म्हणून दहाव्या दिवशीचा एक चढा आकडा काहीच सिद्ध करीत नाही. चार दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे, आणि त्यांतला दुसरा पहिल्याहून मोठा, हे मात्र बरेच काही सांगून जाते. जखमेच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना त्वचेवरच्या जंतूंचीच नावे सांगतो. त्यावर विसंबू नये. खरा पुरावा सांध्याच्या आत आहे. शस्त्रक्रियागृहात, पूर्ण निर्जंतुक व्यवस्थेत, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाहेरील कोपऱ्यातून सुई आत जाते. जे पाणी निघते त्याचा एक हिस्सा पेशी मोजण्याच्या नळीत आणि दुसरा थेट रक्तवर्धनाच्या बाटलीत भरतात, आणि प्रयोगशाळेस बजावून सांगावे लागते, की मंद वाढणाऱ्या जंतूंसाठी ही बाटली चौदा दिवस राखून ठेवावी. दवाखान्याच्या बाकावर बसवून हे काम करू नये, कारण ज्या सांध्यात जंतू नव्हते तेथे ते नेऊन सोडण्याचा संभव असतो.

पेशी किती निघाल्या, म्हणजे संसर्ग मानावा, यावर मात्र शास्त्रकारांत खल झालेला आहे. जुन्या सांध्यात एका मायक्रोलिटरमागे तीन हजार पांढऱ्या पेशी ही सीमा पुरेशी मानतात. पण ताज्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यात रक्त साचलेले असते आणि पेशी स्वभावतःच अधिक असतात. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासाने पहिल्या सहा आठवड्यांसाठी ही सीमा २७,८०० पर्यंत वर नेली. २०१८ मध्ये फिलाडेल्फियास भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दहा हजार पेशी, त्यांत नव्वद टक्के न्यूट्रोफिल, आणि सीआरपी लिटरमागे १०० मिलिग्रॅम अशी सीमा सुचवली. मला दुसरी भूमिका ग्राह्य वाटते, कारण या रोगात एक निष्कारण धुतलेला सांधा परवडतो, पण पुवात राहू दिलेला परवडत नाही. संसर्ग पहिल्या काही आठवड्यांतच हाती लागला, तर सांधा उघडून, स्वच्छ करून, मधले प्लास्टिक बदलून मूळ धातू वाचवता येतो. हा काळ निघून गेला, तर बहुधा सारा सांधा काढून दोन टप्प्यांत नवा बसवावा लागतो. अल्फा-डिफेन्सिनसारख्या महागड्या नव्या परीक्षांचा अलीकडे बोलबाला आहे, परंतु नीट मोजलेल्या पेशी आणि नीट राखलेली बाटली एवढ्यावर बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो.

यांत्रिक कारणांचा शोध क्ष-किरणाने होतो, पण ते चित्र चांगले हवे: समोरून, बाजूने आणि वाटीचे वरून, आणि त्याच्या जोडीस शस्त्रक्रियेच्या लगेच नंतरचे पहिले चित्र हवे, कारण दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून काय सरकले ते कळत नाही. घसरून पडल्यावर उठलेली वेदना भंगाची. पडल्यानंतर सरळ पाय उचलताच येत नसेल, तर वाटीच्या खालचा स्नायुबंध तुटल्याची. संगणकाच्या वा यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली असेल, तर खुणेच्या खिळ्यांसाठी नडगीत किंवा मांडीत पाडलेल्या छिद्राशी काही आठवड्यांनी हाड तडकू शकते. ही वेदना गुडघ्यापासून दूर असते आणि म्हणूनच दुर्लक्षिली जाते. धातूचा भाग हाडाबाहेर तीन मिलिमीटरांहून अधिक डोकावत असेल, तर तो वर घासणाऱ्या स्नायूस डिवचीत राहतो. भाग फिरवून बसला असेल, तर ते साध्या चित्रात न दिसता सीटी स्कॅनमध्ये दिसते. हाडांच्या किरणोत्सर्गी स्कॅनची शिफारस अनेकदा केली जाते. ती पहिल्या वर्षी व्यर्थ आहे, कारण निरोगी नवा सांधाही त्यात तेवढाच उजळलेला दिसतो.

जी वेदना गुडघ्यात जाणवते पण गुडघ्याची नसते, तिच्याकडे पाहण्याचे राहूनच जाते. खुब्याची झीज गुडघ्यात बोलते, हे शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तरीही खुबा आत फिरवून पाहण्याचा अर्धा मिनिट पुष्कळांना सापडत नाही. कंबरेच्या मणक्यांत दबलेला चेतातंतू मांडीवरून गुडघ्यापर्यंत वेदना आणतो, आणि खोकताना वा बराच वेळ उभे राहिल्यावर ती वाढते. व्रणाजवळ एका बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी जागा, जिच्यावर टिचकी मारताच विजेसारखी चमक जाते, ती कापलेल्या चेतातंतूच्या गाठीची असते. तेथे बधिरीकरणाचे थोडे औषध टोचून वेदना तासाभरासाठी पूर्ण थांबली, की निदान आणि उपचाराची दिशा दोन्ही एकदमच मिळतात. साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही, त्वचेचा रंग आणि घाम बदलतो, सांधा आखडत जातो, अशा विकारासाठी बुडापेस्ट निकष म्हणून ओळखली जाणारी लक्षणांची यादी आहे. तो ठरवण्यापूर्वी संसर्ग मात्र वगळलाच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गाउटचा झटकाही येतो, आणि पाण्यात त्याचे स्फटिक सापडले म्हणून जंतू नाहीत असे ठरत नाही. धातूच्या ॲलर्जीचे निदान हल्ली फार सैलपणे केले जाते; निकेलची त्वचापरीक्षा अनेक वेदनारहित माणसांतही सकारात्मक येते, तेव्हा तिच्या भरवशावर सांधा काढण्याचा सल्ला देणाऱ्यापासून रोग्याने सावध असावे.

एवढे सर्व पाहूनही काही वेदनांचे कारण सापडत नाही, आणि हे प्रमाण लहान नाही: शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे पाचांपैकी एकाला महिनोन्महिने त्रासदायक वेदना राहते. आधीपासून अंगभर दुखणे असणारे, खिन्नतेने ग्रासलेले, वेदनेविषयी सतत भयाने विचार करणारे यांच्यात ती अधिक आढळते. पण म्हणून ती "मनाची" ठरवून रोग्यास परत पाठवणे अन्याय्य आहे आणि शास्त्रासही धरून नाही. कारण न सापडता केलेली पुनर्शस्त्रक्रिया बहुधा अपयशी होते, यावर मतभेद नाही. मग करावे काय? ब्रिटनमधील एका चाचणीने, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, याचे व्यवहार्य उत्तर दिले आहे: तिसऱ्या महिन्यात ज्यांना वेदना आहे त्यांना बोलावून त्यांची सविस्तर तपासणी करावी, कारणानुसार योग्य त्या तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि पुढे वर्षभर दूरध्वनीने विचारपूस चालू ठेवावी. अशा रोग्यांची वेदना नेहमीच्या देखभालीतील रोग्यांपेक्षा कमी झाल्याचे आढळले.

यासाठी लागणारी सामग्री अमरावती-अकोल्यात नाही, असे नाही. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, भौतिकोपचार करणारे आहेत. जे नसते ते दप्तर. घरी पाठवताना हाती दिलेल्या कागदावर बसवलेल्या सांध्याचे नाव व माप, त्याच्या वेष्टनावरची चिकटपट्टी, गुडघा किती अंशांपर्यंत वाकत होता तो आकडा, त्या दिवसाची सीआरपी, रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाची शेवटची तारीख आणि रात्रीही उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक, एवढे असले आणि त्यासोबत पहिले क्ष-किरण चित्र दिले, तर बडनेऱ्यातील डॉक्टरांना नव्या वेदनेची जुन्या स्थितीशी तुलना करता येते आणि शल्यविशारदाशी तपशिलाने बोलता येते. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर आधीच लिहून द्यावी, आणि त्या तारखेस न आलेल्या रोग्यास रुग्णालयाने स्वतःहून बोलावून घ्यावे.